उंच माणसाचा बिछाना

पेण, ६ एप्रिल २०२५

प्रिय ओलेह,

तुझा निरोप परवा मिळाला. तू विचारलंस, "निलेश, तूच सांग. मी घरी जाऊ की रोह्याला येऊ?" आणि खाली लिहिलंस की उत्तर इंग्रजीत देऊ नकोस, इंग्रजीत तू लॅबच्या रिपोर्टसारखा लिहितोस, तुझ्या भाषेत लिही, बाकीचं माझा फोन बघून घेईल. म्हणून मराठीत लिहितो आहे. वाक्यं साधी ठेवीन. फोनला त्रास नको आणि तुलाही नको.

आधी नोकरीचं. तू ऐकलंस ते खरं आहे. आमच्या कंपनीच्या वसाहतीतल्या हॉलमध्ये कामगारांच्या मुलांसाठी बास्केटबॉलचं कायमचं प्रशिक्षण सुरू करायचं ठरलं आहे आणि त्यासाठी सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव आहे. दोन वर्षांचा करार, वसाहतीत खोली, व्हिसाची कागदपत्रं कंपनी करणार. पगार सायप्रसमधल्या तुझ्या लार्नाकाच्या क्लबपेक्षा कमी आहे, पण वेळेवर होईल. एचआरचा अक्षय मला कॅन्टीनमध्ये गाठून विचारतो, "सर, तुमच्या युक्रेनचं काय? खोलीला पडदे लावायचेत. साधे घेऊ का लांब?" मी म्हणालो, माणूस उंच आहे, खिडकी नाही. तो हसला आणि म्हणाला, मे संपायच्या आत होकार पाहिजे, नाहीतर हॉलमध्ये टेबल टेनिस सुरू करणार आहेत.

आता घरचं. आत गेलास तर युद्ध संपेपर्यंत तुला बाहेर पडता येणार नाही. तुझ्या वयाच्या पुरुषाला सीमेवर अडवतात हे तूच मला सांगितलं होतंस. सैन्यात बोलावतील का, हे तुलाही ठाऊक नाही. तुमचं मिठाच्या खाणीचं गाव आता फक्त नकाशावर आहे. तुझी आई पोल्ताव्यात भाड्याच्या खोलीत एकटी राहते, आणि तीच तुला फोनवर सांगते की येऊ नकोस, खोलीत एकाचीच जागा आहे.

हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी लिहिलं, कारण दोन्ही बाजू एका कागदावर आल्या की बघायला बरं पडतं. निवड मात्र तू कर. आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे: ज्याच्या पाळीत माल तयार झाला, त्याने त्या मालाचा नमुना तपासायचा नाही. तू रोह्याला यावंस की नाही या प्रश्नात माझी पाळी आहे, असं समज. म्हणून मी तपासत नाही.

माझी आई बरी आहे. रोज विचारते, "धड जेवतो का नाय तो?" मी सांगतो, जेवतो. खरं काय ते तू कळव.

निलेश


रोहा, १९ एप्रिल २०२५

प्रिय ओलेह,

तुझं एका ओळीचं उत्तर वाचलं: "तू फार न्यायाने लिहितोस." हे कौतुक आहे की नाही यावर माझा बराच वेळ गेला. अजून ठरलेलं नाही.

शनिवार आहे, पहिली पाळी संपवून हॉलमध्ये बसून लिहितो आहे. इथे बसलं की तुम्ही चौघं परदेशी खेळाडू आलात तो दिवस आठवतो. मालकांच्या धाकट्या मुलाने त्या नव्या लीगमधला एक संघ विकत घेतला, आणि मुंबईत हॉल महाग म्हणून सराव आमच्याकडे आणला. एका मोसमात लीग बंद पडली. बाकीचे तिघं लगेच विमानात बसले. तू राहिलास, कारण तुला पुढचं बोलावणं आलेलं नव्हतं. मी विचारलं होतं, आता काय करणार? तू म्हणालास, "एजंटचा फोन आला की बॅग भरायची. नाही आला की थांबायचं." इतकं सरळ सांगितलंस की मला तुझा हेवा वाटला होता. आज वाटत नाही.

रोहा स्टेशनच्या बाकावर माझी पेणची गाडी येईपर्यंत तू मला तुझी सगळी कारकीर्द सांगितलीस, तुकड्या-तुकड्यांत, क्रम न पाळता. सतराव्या वर्षी कीव. मग लॅटव्हिया. रुमेनियात क्लबने पगार थांबवला तेव्हा घरमालकीण मोसम संपेपर्यंत सूप पाजत राहिली, आणि निघताना तुझाच जुना टी-शर्ट मागून घेतला, फरशी पुसायला. बल्गेरियातल्या हॉलचं छप्पर गळायचं. कुठे ओलं असतं ते तुम्हाला पाठ होतं, पाहुण्या संघाला नव्हतं, म्हणून त्या वर्षी घरच्या मैदानावर तुम्ही फारसे हरला नाहीत. कझाकस्तानात एका सामन्याला बसने दिवसभर बर्फातून जायचं, आणि तिथे पोचल्यावर पाय आखडलेले असायचे, म्हणून पहिल्या काही मिनिटांत कोणी उडीच मारायचं नाही, दोन्ही संघ समजून घ्यायचे. मग जॉर्जिया. मग बहारीन. युद्ध सुरू झाल्याचं तिथे सरावात कळलं. प्रशिक्षकाने तुला सुट्टी दिली. सुट्टीचं काय करायचं ते कळेना, म्हणून तू रिकाम्या हॉलमध्ये बास्केट करत राहिलास.

मी विचारलं होतं, यातलं सगळ्यांत चांगलं शहर कुठलं? तू म्हणालास, प्रत्येक शहरात मला तीनच गोष्टी माहीत असतात. हॉल, खोली आणि मधला रस्ता. थोड्या वेळाने म्हणालास, इथे चौथी आहे, पेणचा मासळी बाजार.

ते आईमुळे. रविवारी पिशवी तुझ्या हातात देऊन ती तुला बाजारातून फिरवायची. कोळणी टोपल्या सोडून उभ्या राहायच्या. "बायजे, ह्यो कुठनं आनलास? याला एक सुरमय पुरायची नाय गो." आणि आई ऐटीत, "पोरगा हाय माझा. लहानपनी जरा जास्त पानी घातला." तुला हे कोणी भाषांतर करून सांगितलं नव्हतं. मीही नाही. आज सांगतो.

अनिता अजून ठाण्यालाच आहे. आधी मुलीची बारावी होती, आता कॉलेज आहे. कारण बदलत असतं, ठाणं बदलत नाही. तू इथे अकरा महिने होतास आणि माझी बायको घरी का नसते हे कधी विचारलं नाहीस. मला वाटायचं, बारा गावं फिरलेल्या माणसाला अशा गोष्टी विचाराव्या लागत नसतील.

हॉलची एक चावी माझ्याकडेच आहे. शनिवारी मी थोडे फ्री थ्रो मारतो. तू शिकवलंस तसं कोपर आत ठेवतो. चेंडू गेला की मीच आणतो, मीच परत उभा राहतो. हे लिहायला नको होतं. हे माझ्या नियमात बसत नाही. पण खोडलं तर खाडाखोड दिसेल, म्हणून राहू देतो.

निलेश


पेण, ४ मे २०२५

प्रिय ओलेह,

घरात पोह्याचे पापड चालू आहेत. गच्चीभर वाळत घातलेत. आईचे गुडघे दुखतात म्हणून शेजारच्या इंदुबाई लाटायला येतात. लाटतात कमी आणि बोलतात जास्त, असं आई म्हणते. आई लाटते कमी आणि भांडते जास्त, असं त्या म्हणतात.

आज रविवार, तुझ्या आईशी फोन झाला. तू इथून गेल्यावरही आपल्या दोघांच्या आयांचं रविवारचं बोलणं चालू आहे हे तुला माहीत आहे. कशाबद्दल बोलतात ते मात्र मलाही सांगता येणार नाही. मी फोन लावून हातात देतो आणि मागे उभा राहतो. आई म्हणते, "काय गो हालिने, बरी हायस ना? सुकलीस जरा." तुझी आई युक्रेनियनमध्ये बराच वेळ काहीतरी सांगते. आई म्हणते, "व्हय, आमच्याकडं पन तसाच." मग आई तिला पापड दाखवते, ती आईला बरण्या दाखवते. आज इंदुबाईंनी फोनमध्ये डोकं घातलं आणि विचारलं, "बायजाबाय, हिला कळतं तरी का तुमचं?" आई म्हणाली, "तुला तरी कुठं कळतं? तुझ्याशी बोलतेच ना मी."

तुझ्या आईने खोली बदलली आहे, तळमजल्यावरची घेतली आहे. भोंगे वाजले की जिने उतरायला नको, म्हणून असेल. तिने फोन फिरवून सगळी खोली दाखवली. स्वच्छ आहे. खिडकीत कसली तरी रोपं आहेत. भिंतीवर तुझा जुना फोटो आहे, हिरव्या बनियनमधला, केस असतानाचा.

बाकी विशेष नाही. अक्षयने पुन्हा विचारलं. मी सांगितलं, त्याचं त्याला ठरवू दे. लार्नाकाची खोली तुला कधी सोडायची आहे ते कळव.

निलेश


पेण, ११ मे २०२५

प्रिय ओलेह,

मागच्या पत्रात मी लिहिलं की बाकी विशेष नाही. आठवडाभर ते वाक्य माझ्या मागे लागलं आहे. मी जे पाहिलं तेवढंच आता लिहितो. त्याचा अर्थ तू लाव.

तुझ्या आईने खोली दाखवली तेव्हा दारातून आत डावीकडे तिचा पलंग होता. उजवीकडे भिंतीलगत आणखी एक लोखंडी पलंग होता. त्याच्या पायथ्याशी दोन स्टुलं जोडून लावली होती, पलंगाच्याच उंचीची. गादी पलंगावर संपत होती, तिथून पुढे स्टुलांवर काहीतरी घडी करून घातलं होतं, आणि वरून एकच लांब रजई, उशीपासून स्टुलांच्या टोकापर्यंत. रोह्याच्या गेस्टहाऊसमध्ये आपण तुझ्या पलंगाला कॅन्टीनचा बाक जोडला होता, तसंच. उशी नवी होती, तिच्यावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. तुझ्या आईने फोन त्या बिछान्यावर थोडा वेळ धरला. मग स्वतःकडे वळवला आणि ओठांवर बोट ठेवलं.

कदाचित दुसऱ्या कोणासाठी असेल. तुमच्या नात्यात इतकं उंच दुसरं कोणी आहे का, मला माहीत नाही.

फोन ठेवल्यावर आई गच्चीत पापड उलटायला गेली. मी मागोमाग गेलो. म्हणालो, "हे ओलेहला सांगायला पाहिजे."

"काय सांगतोस?"

"त्याच्या आईने त्याच्यासाठी बिछाना घालून ठेवलाय म्हणून."

"नाय सांगायचं."

"का?"

"तिनं मला दाखवला. तुला नाय. तू मागं उभा व्हतास ते तिला दिसलंपन नाय."

"पण ती त्याला सांगते, जागा नाही. तो त्यावर विश्वास ठेवून बसलाय."

"मंग आय काय बोलंल? 'ये' बोलली, नि तिकडं त्याला काय झालं, तर ती काय करंल?" तिने पापड उलटणं थांबवलं नाही. "तिला त्याला बोलवायचा नाय. तिला नुसता बिछाना घालायचा हाय. घालू दे."

"आणि समज, तो आपण होऊन गेला तर?"

"गेला तर गेला. पन आपन नाय पाठवायचा."

मी खूप वेळ तिथेच उभा राहिलो. ती शेवटी म्हणाली, "उन्हात कशाला उभा हायस? सावली पडते पापडांवर."

आता तुला खरं सांगतो. आईचं ऐकणं मला किती सोयीचं होतं बघ. मी गप्प बसलो असतो तर कदाचित तू रोह्याला आला असतास. कोणाचाही विश्वास मोडला नसता, उलट दोन आयांचा शब्द राखला असता, आणि शनिवारी हॉलमध्ये तू असतास. इतकं सोयीचं दिसलं म्हणून मला त्याचा संशय आला. तू इथे आला असतास तर तुझ्याशी बोलताना दर वेळी एक गोष्ट मला टाळावी लागली असती. स्टेशनच्या बाकावर, बाजारात, जेवताना. एक दिवस तुला कळलंच असतं, आणि तू मला विचारलं असतंस, आणि मी मान खाली घातली असती.

उलट बाजूही आहे. मी हे सांगितलं, तू गेलास, आणि काही झालं, तर काय? मी इथे बसून आहे. इथे भोंगा वाजतो तो पाळी बदलल्याचा.

तरी सांगतो आहे. अक्षयचा नंबर खाली देतो. होकार-नकार त्यालाच कळव, मी मध्ये नको.

निलेश


पेण, २५ मे २०२५

प्रिय ओलेह,

तुझा निरोप शुक्रवारी आला, पोलंडच्या सीमेजवळच्या बसस्थानकावरून. तेव्हापासून तुझा फोन बंद आहे. मी पाठवलेलं तुझ्यापर्यंत पोचत नाही असं दिसतं. हेही पोचेल की नाही माहीत नाही.

तू लिहिलंस:

"बिछान्याचं मला माहीत होतं. फेब्रुवारीत आईने फोनवर माझी उंची विचारली. चाळिशी उलटलेल्या मुलाला आई उंची कशाला विचारते? मी सांगितली आणि दोघंही दुसरं बोललो. मग मी तुला प्रश्न विचारला. मला माहिती नको होती, निलेश. आठ देशांनी मला बोलावलं. प्रत्येक वेळी आधी करार आला आणि मग माणसं. तुझ्या पत्रांत पगार होता, खोली होती, व्हिसा होता, दोन्ही बाजू होत्या. मी एक शब्द शोधत होतो. भाषांतरात गळला असेल म्हणून तुझं पत्र दुसऱ्या ॲपमध्येही घालून बघितलं. तू तो म्हटला असतास तरी कदाचित मी घरीच निघालो असतो. पण कोणीतरी बोलावलेलं असताना न जाणं वेगळं असतं. बस लागली. आईला सांग, जेवलो."

मी ते आईला वाचून दाखवलं, मराठी करून. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "सांगितलास ना त्याला बिछान्याचं?"

"हो. पण त्याला आधीच माहीत होतं."

"मंग बरं." ताट घेता घेता म्हणाली, "नि त्याला जे पायजे व्हतं ते नाय सांगितलास."

तिने ताट वाढलं. स्वतः जेवली नाही, पापडांचे डबे पुसत बसली. मग विचारलं, "तिकडं आता थंडी असंल का?" मी म्हणालो, नाही, मे महिना आहे, बरं असेल. खरं तर मी बघितलं नव्हतं.

अक्षयला तू स्वतः नकार कळवलास, हे तू बरोबर केलंस. तो मला म्हणाला, "चला, पडद्यांचा खर्च वाचला." मग माझ्याकडे बघितलं आणि चहा आणायला गेला. एकच कप आणला, माझ्यासाठी. हॉलमध्ये दोन टेबलं येऊन पडली आहेत. चावी सोमवारी जमा करायची आहे.

मी या पत्रांचा खूप विचार केला. मी स्वतःला बाजूला ठेवलं की तुला मोकळीक मिळेल, असं मला वाटलं होतं. त्याला मी प्रामाणिकपणा म्हणत होतो. पण तुला मोकळीक कधी कमी पडली? फोन आला की बॅग, नाही आला की थांबणं; तुझ्या मागे धरून ठेवणारं कोणी नव्हतंच. अनिता ठाण्याला निघाली तेव्हाही मी असाच वागलो होतो. सगळ्या बाजू मांडल्या, गाड्यांच्या वेळा काढून दिल्या. ती दारात थोडी थांबली होती. मला वाटलं, चप्पल घालते आहे.

इथपर्यंत लिहून थांबलो होतो. मागचं सगळं वाचलं आणि दिसलं की याही पत्रात मी तेच करतो आहे, कोणाचं किती चुकलं ते तपासतो आहे. ते राहू दे.

आज माझ्याकडे तुला द्यायला काही नाही. नोकरी गेली. वसाहतीतली खोली दुसऱ्या कोणाला तरी देतील. व्हिसाचं काय करायचं मला ठाऊक नाही. हॉल नाही, संघ नाही, पगार नाही. तुझा गुडघा आता खेळायच्या लायकीचा उरला नाही हेही मला माहीत आहे, तू लपवलंस तरी.

तर ये, ओलेह. सीमा उघडेल तेव्हा ये. तुझ्या आईला घेऊन ये, ती नाही म्हणाली तर तिची समजूत काढून ये. काही न ठरवता, काही न खेळता पेणला ये. मला तू यायला हवा आहेस.

निलेश